जिरं, चिंचोके आणि अनंताची कुंडी

लोक आमच्याकडे माती कशाकशातून आणतात, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. जेवणाच्या डब्यातून आणतात, औषधाच्या बाटलीतून आणतात, लग्नपत्रिकेच्या पाकिटातून आणतात. एका गृहस्थांनी बाळाच्या पायमोज्यातून आणली होती आणि वर गाठ मारून त्यावर स्वतःचं नाव लिहिलं होतं. आमच्या फलकावर 'माती वाळवून आणावी' अशी सूचना आहे, म्हणून मंचरच्या एका ताईंनी ती तव्यावर खरपूस भाजून आणली. 'नमुना स्वच्छ असावा' अशीही एक ओळ पूर्वी होती. ती मी स्वतः खोडली, कारण एका निवृत्त कारकुनांनी माती साबणाच्या पाण्यात तीनदा धुऊन आणली. धुतल्यावर उरले ते मूठभर खडे.

"एवढीच निघाली," ते म्हणाले. "बाकी सगळी घाण होती."

मी गेली चोवीस वर्षं नारायणगावच्या एका माती-पाणी तपासणी प्रयोगशाळेत काम करते. प्रयोगशाळा म्हणजे बाजाराच्या मागच्या गल्लीतल्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत काउंटर आणि फलक, आतल्या खोलीत यंत्रं आणि मी. आमचं खरं गिऱ्हाईक म्हणजे द्राक्षवाले आणि टोमॅटोवाले. पण त्यांच्यामधून वाट काढत दिवसाला दोन-तीन कुंडीवाले येतातच. मोठं शेत खराब झालेला माणूस काउंटरवर शांतपणे बोलतो. कुंडीतलं एक पान पिवळं पडलेला माणूस मात्र रडवेला असतो. शेताला तो शेत म्हणतो, कुंडीतल्या झाडाला 'आमचा' म्हणतो. "आमचा मोगरा जेवत नाही हो," असं एका आजोबांनी मला सांगितलेलं आहे.

मी स्वतः जुन्नरच्या पश्चिमेकडची, भात-नाचणीच्या गावातली. आमच्या घरात शाळेची पायरी चढलेली मी पहिली, आणि पदवी घेतलेलीही पहिलीच. माझे वडील बांधावरची चिमूटभर माती जिभेवर ठेवून सांगायचे, "आंबूस हाय, हितं भातच यील." पुढे महाविद्यालयात मी तीच माती यंत्रात घातली. आकडा आला साडेपाच. वडिलांची जीभ बरोबर होती. यंत्राचा फायदा एवढाच, की त्याला नंतर चूळ भरावी लागत नाही.

हा आकडा म्हणजे मातीचा सामू. मी काउंटरवर जसा समजावते तसाच इथे सांगते. शून्यापासून चौदापर्यंत एक पट्टी समजा. मधोमध सात. सातच्या खाली गेलं की माती आंबट, वर गेलं की चुनखडीच्या बाजूची. आमच्या डोंगराकडची तांबडी माती आंबट, तर नारायणगाव, आळे, मंचर या बाजूची काळी माती आणि बोअरचं पाणी दोन्ही आठच्या आसपास. आता अनंतासारख्या झाडाला आंबट माती आवडते. त्याला इकडच्या कुंडीत लावून बोअरचं पाणी घालत राहिलं, तर मातीत लोह असूनही ते झाडाला घेता येत नाही. पंगतीत पान वाढलेलं आहे, पण पाहुण्याला तोंडच उघडता येत नाही, अशी अवस्था. मग पान पिवळं पडतं आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. अशा वेळी माती थोडी आंबट करायची. थोडी, हा शब्द महत्त्वाचा आहे. पट्टीवरचं एक घर म्हणजे दहापट फरक. सहापेक्षा पाच दहापट आंबट, आणि चार शंभरपट.

हे सगळं सांगण्याचं कारण आळ्याच्या विमलताई.

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्या पहिल्यांदा आल्या. पिशवीत अनंताची पाच पानं. पिवळी, हिरव्या शिरांची. मला माती बघायचीही गरज वाटली नाही. एका जुन्या अहवालाच्या पाठीमागे मी लिहून दिलं: 'दोन लिटर पाण्यात अर्धा चमचा हिराकस. महिन्यातून एकदा.' हिराकस म्हणजे हिरवट खडे असतात. त्यानं माती आंबटही होते आणि झाडाला लोहही मिळतं.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी दुसऱ्याच एक बाई आल्या. पदर कपाळापर्यंत ओढलेला, नजर दाराकडे. पाकिटातून त्यांनी एक पान काढलं. अनंताचंच, पिवळं.

"माज्या एका पावणीचं झाड हाय," त्या म्हणाल्या.

"कुठली पाहुणी?"

"लांबची."

मी हिराकस सांगितला. त्या घाबरल्या. "ते नगं मॅडम. दुकानात मागितलं की गावभर व्हतं. घरातलंच काय न्हाई का?"

मी पुन्हा एका अहवालाच्या पाठीमागे लिहिलं: 'एक तांब्या आंबट ताक, चौपट पाण्यात. पंधरा दिवसांतून एकदा.' लांबच्या पाहुणीच्या झाडाचं औषध एवढं गुपचूप का न्यायचं, हा प्रश्न मला पडायला हवा होता. चोवीस वर्षांच्या अनुभवानंतरही तो पडला नाही. नाव-गाव लिहायचा अर्ज आम्ही शेतीच्या नमुन्यांसाठी भरून घेतो. कुंडीवाल्यांना कोण विचारतो?

पावसाळा संपला आणि विमलताई परत आल्या. या वेळी डब्यात माती आणि हातात एक डहाळी. पानांची टोकं जळलेली, कळ्या काळ्या पडून गळलेल्या. ताईंनी डबा काउंटरवर आपटला.

"मॅडम, माजं झाड मारलं."

"कोणी?"

"आन् कोन? आमची धाकटी."

मग सगळी हकिकत आली. आळ्याला त्यांचं जुनं घर. दोघे भाऊ, दोघी जावा आणि सासूबाई. वर्षापूर्वी चुली वेगळ्या झाल्या. भांडीकुंडी चिठ्ठ्या टाकून वाटली. घंगाळ धाकटीला गेलं, अनंताचं झाड थोरलीला. आता गंमत अशी, की ते झाड धाकटीच्याच माहेरचं. लग्नात आईनं फांदी दिली होती.

"तिला बघवंना," विमलताई म्हणाल्या. "तिच्या म्हायेरचं झाड माज्याकडं फुलतंय म्हणून कायतरी घातलं तिनं. सोमवारी गवंडी येतोय. वट्ट्याच्या मदोमद भिंत. ह्यांनी आन् भावजींनी मिळून ठरवलंय. वरसभरात दोगांचं एकमत झालेली ही एकच गोष्ट."

"मग माझ्याकडे काय काम आहे?"

"रिपोट द्या. त्यात लिव्हा, इख घातलंय म्हणून. ह्यांचं मन अजून जरा इकडं-तिकडं व्हतंय. रिपोट बघितला की भिंत छपरापातूर जाईल."

मी माती यंत्राला लावली. आकडा आला चार पूर्णांक एक.

आळ्याच्या मातीचा आकडा आठ येतो. नऊ आला असता तरी मी मान डोलावली असती. चार आल्यावर मी यंत्रालाच दोष दिला. ज्यांचा आकडा आधीच ठाऊक असतो, त्या द्रावणांत बुडवून तपासलं, यंत्र ठीक. समाधान होईना म्हणून लिंबू पिळून तपासलं, आकडा दोनच्या वर थोडा, म्हणजे ठीक. मग मालकांच्या टेबलावरचा चहा तपासला. मालक नेमके तेव्हाच आत आले आणि आपल्या कपात यंत्र बुडालेलं पाहून म्हणाले, "आता चहाचापण रिपोर्ट काढतोय का आपण?" त्यांनी तो चहा प्यायला नाही, पण मलाही काही बोलले नाहीत. अशा माणसाकडे नोकरी मिळाली याबद्दल मी कृतज्ञ आहे.

पुन्हा माती लावली. चार पूर्णांक एक.

अहवालात मी 'माती अतिशय आंबट' एवढंच लिहिलं असतं, तरी ते खरंच होतं. पण त्या घरात त्याचा अर्थ एकच लागला असता. माझ्या सहीच्या कागदावर आजवर खतं टाकली गेली, टोमॅटो लावले गेले. भिंत कधी उभी राहिली नव्हती.

"मी रविवारी घरी येते," मी म्हणाले. "झाड बघितल्याशिवाय रिपोर्ट नाही."

"या की," विमलताई म्हणाल्या. "पन सोमवारच्या आत."

रविवारी सकाळी जीपनं आळेफाट्याला उतरून मी गावात गेले. घर लगेच सापडलं, कारण दारात विटांची रास होती. लांबलचक ओटा. डावीकडचं दार थोरल्यांचं, उजवीकडचं धाकट्यांचं. बरोबर मध्ये सासूबाईंची बाज. त्यांना सगळे आत्याबाई म्हणत. त्यांनी वाटणीत कोणाकडे जायचं हे ठरवलंच नव्हतं. सकाळचा चहा डावीकडचा घ्यायचा आणि संध्याकाळचा उजवीकडचा. बाजेच्या पायाशी अर्धा कापलेला निळा ड्रम आणि त्यात अनंत. झाड माझ्या खांद्याएवढं होतं. मुळं ड्रमच्या भोकातून बाहेर पडून फरशीच्या फटीत शिरली होती. ते आता जागचं हलणार नव्हतं. भिंत त्याला घासून जाणार होती.

मी पिशवी उघडली आणि लक्षात आलं, की रंग बदलणाऱ्या कागदी पट्ट्यांची डबी काउंटरवरच राहिली. पाच माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. त्या क्षणी मला शाळेतल्या विज्ञानाच्या बाई आठवल्या. आमच्या शाळेत प्रयोगाचं सामान नव्हतं. म्हणून बाईंनी जास्वंदीच्या लाल पाकळ्या कागदावर घासून आम्हाला पट्ट्या करायला शिकवल्या होत्या. आंबटात घातलं की गुलाबी, चुन्यात घातलं की हिरवं. फाटकाशी जास्वंद फुललेलीच होती. मी दोन फुलं तोडली, वहीचा कागद घेतला आणि ओट्यावर बसून घासायला लागले.

"मॅडम कौल लावत्यात का काय?" थोरले भाऊ, ज्यांना सगळे दादा म्हणत, हळूच पुटपुटले.

कागद जांभळट झाला. एक तुकडा बोअरच्या पाण्यात घातला, तो हिरवट झाला. धाकटा भाऊ संपत पुढे सरकला. वर्षभर दादांशी धड न बोलणारा हा माणूस आता दादांच्या मांडीला मांडी लावून बसला होता.

"माज्या चाला लावा."

लावला. गुलाबीकडे झुकला.

"दुदाला लावा. मॅडम, माज्या घामाला लावा. दादा, तुजी जीभ काड."

"तुजी काड," दादा म्हणाले. पण काढली.

शेवटी मी सगळ्यांना मागे सरकवलं आणि कुंडीतली माती बाटलीतल्या शुद्ध पाण्यात कालवून तुकडा बुडवला. तो झटकन गुलाबी झाला. मी खुरपं मागितलं आणि माती उकरली. आंबूस वास आला. मातीत काहीतरी बारीक होतं. मी ते तळहातावर घेतलं.

जिरं.

आणखी उकरलं. कोथिंबिरीची काडी निघाली. आणखी उकरलं, तर चिंचोके. एक नाही, अकरा. एकाला मोड आला होता.

विमलताईंनी कपाळाला हात लावला. "जिरं! चिंचोके! बगा मॅडम, बगा! करणी हाय ही! मी म्हणत व्हते ना?"

"ताई," मी म्हणाले, "एवढं सामान घालून करणी कोणी करत नाही. ही आमटी आहे."

तेवढ्यात बाजेवरून आत्याबाई अगदी सहज म्हणाल्या, "चिंचोके माजे हायेत."

सगळे वळले.

"देवाची भांडी चिंचंनं घासते न्हाई का मी? तांब्या, पळी, समई, निरांजन. ते पानी काय पायदळी टाकू व्हय? म्हणून झाडाला घालते."

"रोज?" मी विचारलं.

"रोज कुठनं बाई? सोमवारी, गुरवारी, शनवारी. आन् एकादशीला. आन् पावनं येनार असलं तर."

"मीठ लावता का घासताना?"

"मिठाबिगार तांबं निगतं का?" त्यांनी मला उलट विचारलं. माझ्या शिक्षणाविषयी त्यांना शंका आलेली स्पष्ट दिसत होती.

चिंचोक्यांचा उलगडा झाला. जिरं राहिलं. मी उजवीकडच्या दाराकडे पाहिलं. धाकटी जाऊ, कांचन, उंबऱ्यात उभी होती. पदर कपाळापर्यंत नव्हता, म्हणून तिला ओळखायला मला थोडा वेळ लागला. तिनं मला केव्हाच ओळखलं होतं. ती आत गेली आणि हळदीच्या डब्यातून एक घडी केलेला कागद घेऊन आली. पिवळा पडलेला. 'एक तांब्या आंबट ताक.' अक्षर माझं.

विमलताई तडक आत गेल्या आणि त्यांचा कागद घेऊन आल्या. 'अर्धा चमचा हिराकस.' अक्षर माझं.

दोन्ही कागद ओट्यावर शेजारीशेजारी ठेवले गेले. संपतनं वाकून दोन्ही वाचले, मग माझ्याकडे पाहिलं.

"म्हंजे मॅडम, भिंत तुमच्यामुळं व्हय?"

महाविद्यालयाच्या तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांसमोर माझी जी अवस्था झाली होती, तीच पुन्हा झाली. तेव्हा निदान उत्तीर्ण झाले होते.

"मला कसं कळणार, एकाच झाडाला दोघी..." मी सुरुवात केली. पण माझ्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. कांचन विमलताईंकडे बघून बोलत होती.

"आक्का, माज्या आईच्या दारातली फांदी व्हती ती. वाटणीत तुमाला गेली. गेली तर गेली. पन रोज दारातनं पिवळी पडताना दिसायची. काय करू म्हणून इचारायला आले असते, तर तुमी म्हणला असता, हिस्सा मागतीय. मग तुमी धुनं घेऊन मागं गेलात की घालत व्हते."

"आन् जिरं?" विमलताईंचा आवाज उतरला होता, पण तपास सुरू होता.

"ह्यांना मठ्ठा लागतो जेवताना. उरलेला घालायचे. साधं ताक आमच्यात राहतंय कुठं?"

"मी पंधरा दिवसांतून एकदा लिहिलं होतं," मी म्हणाले.

"रोज घालत व्हते. गुण येत व्हता ना."

"गुण माज्या हिराकसानं येत व्हता!" विमलताई उसळल्या.

"न्हाई आक्का, ताकानं."

"देवाच्या पान्यानं," आत्याबाई म्हणाल्या.

"विमलताई, तुम्ही हिराकस किती घालत होता?"

"तुमी लिव्हलं तसा. चमच्यानं. गुण आला म्हणून मग दर आठवड्याला."

"चमचा दाखवा बघू."

त्यांनी भात वाढायचा डाव आणून दाखवला.

मी जळलेली डहाळी उचलून तिघींच्या मध्ये ठेवली. त्यानंतर गुण कोणामुळे येत होता, हा वाद थांबला.

मला मात्र वेगळाच प्रश्न पडला होता. आकडे जुळवले तर हे झाड केव्हाच मरायला हवं होतं. मी ड्रमभोवती फिरले. दादांच्या नेहमीच्या जागेच्या बाजूला, काठावर, पांढरा थर दिसला. बोटाच्या रुंदीचा, वर्षानुवर्षांचा. नखानं खरवडून जास्वंदीच्या कागदावर ओलं केलं. हिरवंगार.

"हे काय आहे?"

"अवो ते ह्यांचं," विमलताई वैतागून म्हणाल्या. "तंबाकू मळायची आन् बोटाचा चुना ड्रमला पुसायचा. वीस वरसं बोलतीय मी, पन ऐकतील तर शप्पत."

"ताई, हा चुना पाण्याबरोबर मातीत उतरत होता. झाड जगलंय ते दादांमुळे."

दादा उभे राहिले. घराच्या इतिहासात त्यांच्या तंबाखूबद्दल कोणी चांगलं बोलण्याची ती पहिलीच वेळ असावी. "मी म्हणतच व्हतो," ते म्हणाले.

"काय म्हणत व्हता?"

दादांनी थोडा विचार केला. "काय न्हाई," म्हणाले आणि खाली बसले.

हे मी विज्ञान म्हणून लिहिते आहे, सल्ला म्हणून नाही. कृपया वाचकांनी तंबाखू सुरू करू नये.

उपचार सोपा होता. वरची चार बोटं माती काढून टाकायची. ड्रमच्या खालून पाणी बाहेर पडेपर्यंत बोअरचं पाणी सोडायचं, असं तीन दिवस. चुलीतली मूठभर राख. आळ्याच्या ज्या बोअरच्या पाण्याला मी चोवीस वर्षं नावं ठेवली, तेच इथे औषध ठरलं. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे झाडाला हात एकाच माणसाचा लागला पाहिजे. कोणाचा? तिघी एकदम बोलायला लागल्या. मी म्हणाले, "या घरात ज्यानं कुंडीत आजवर काहीच घातलेलं नाही, तो घालील."

सगळ्यांनी संपतकडे पाहिलं. तो एकटा निर्दोष होता आणि त्याचा चेहरा पडला होता.

"मी काय केलंय?" तो म्हणाला.

"कायच केलं न्हाई, म्हणूनच," आत्याबाई म्हणाल्या.

विषाचा रिपोर्ट काही मी दिला नाही. पण सोमवारी गवंडी आलाच. पुढचं मला कांचननं फोनवर सांगितलं. जावांचं भांडण मिटलं होतं, पण भावांना माघार घेता येईना. विटा आल्यात, गवंडी आलाय, गावानं बघितलंय, आता कसं परत पाठवायचं? तेव्हा दोन्ही दारांतून गवंड्याची सरबराई सुरू झाली. डावीकडून पोहे, उजवीकडून भजी. डावीकडून चहा, उजवीकडून मठ्ठा. तो बिचारा दुपारपर्यंत चार थर रचू शकला. आडवा होऊन उठला आणि पाचवा थर लावायला गेला, तेव्हा संपत ड्रमपाशी उभा होता. हातात मापाचा तांब्या.

"मिस्त्री, एवढ्यावर बास. माज्या झाडाला सकाळचं ऊन लागतं."

"भिंत तुमीच सांगितली व्हती न्हवं?"

"तवा माज्याकडं झाड न्हवतं," संपत म्हणाला.

दादांनी विरोध केला नाही. भिंत गुडघ्याएवढी राहिली. वरून गुळगुळीत गिलावा केला आणि आत्याबाई संध्याकाळच्या चहाला तिच्यावर बसू लागल्या. झाडाला नवी पालवी आली. हिवाळा सरता सरता पहिलं फूल आलं, ते पाच जणांनी पाच वेगवेगळ्या वेळी फोन करून मला कळवलं.

आमच्या प्रयोगशाळेतही एक सुधारणा झाली. कुंडीवाल्यांसाठी मी आता वेगळा अर्ज केला आहे. पहिला प्रश्न नावाचा नाही. पहिला प्रश्न असा: 'या कुंडीत घरातलं आणखी कोण काय घालतं?' लोक हसतात, मग घरी फोन लावतात, मग हसत नाहीत.

यंदाच्या पावसाळ्यात एका दुपारी काउंटरवर दोघी जावा एकत्र उभ्या राहिल्या. एकच डबा दोघींनी धरलेला. आत माती आणि वर एक पिवळं पान, हिरव्या शिरांचं.

"आमी कायच घातलं न्हाई," दोघी एका सुरात म्हणाल्या. "आत्याबाईंनी पन न्हाई. देवाचं पानी आता जास्वंदीला जातं."

माती लावली. साडेसात. मी कारण शोधायला फार डोकं खाजवलं नाही. ड्रमला घासून गुडघ्याएवढी भिंत. नवा सिमेंटचा गिलावा. पावसाचं पाणी त्याच्यावरून वाहत सरळ कुंडीत उतरत होतं, आणि सिमेंटचं पाणी चुन्यासारखंच वागतं. उपायही मला ठाऊक होता. भिंतीला रंगाचा हात द्यायचा, ड्रमच्या बाजूला एक पत्रा आडवा लावायचा आणि अर्धा चमचा हिराकस, खराखुरा अर्धा. दोन महिन्यांत झाड हिरवं.

मी कोरा कागद घेतला. हे लिहायला मला अजून संकोच वाटतो. चोवीस वर्षांत मी खोटा आकडा कधी लिहिला नाही, आणि त्या दिवशीही लिहिला नाही. सामू साडेसात, असं स्वच्छ लिहिलं. त्याखाली लिहिलं: 'कारण: भिंत.' तेही खरं होतं. त्याखाली जिथे रंग, पत्रा आणि हिराकस यायला हवा होता, तिथे मी लिहिलं: 'उपाय: भिंत काढावी.' शाळेतल्या बाईंनी या उत्तराचे अर्धे गुण नक्की कापले असते. सगळे कापले नसते, असं मला वाटतं.

विमलताईंनी कागद दोनदा वाचला. कांचननं एकदा.

"शिक्का मारा मॅडम," कांचन म्हणाली.

"दोन कागद करा," विमलताई म्हणाल्या. "एक ह्यांना, एक भावजींना. न्हाईतर एकाला मिळाला आन् दुसऱ्याला न्हाई म्हणून परत सुरू व्हतील."

मी दोन प्रती केल्या आणि दोन्हींवर शिक्का मारला.

भिंत संपतनंच पाडली. आधी झाडावर ओलं गोणपाट टाकलं, मग पहार मारली. दादा विटा उचलत होते आणि आत्याबाई बाजेवरून धुळीवर लक्ष ठेवून होत्या. त्यातल्या चार विटा जीपमधून माझ्याकडे आल्या. सोबत एका डब्यात त्या अनंताचं कलम होतं, कांचनच्या माहेरच्या तांबड्या मातीत लावलेलं. आता ते आमच्या खिडकीत त्या चार विटांवर उभं आहे. शेजारी मी पाटी लावली आहे: 'यात कोणीही काहीही घालू नये.'

परवा दोघी बाजाराला आल्या होत्या. मी आत यंत्रापाशी होते. बाहेर त्या बराच वेळ खिडकीपाशी उभ्या राहिल्या आणि चहा न घेता घाईघाईनं गेल्या. त्या गेल्यावर मी कुंडी पाहिली. माती ओली होती आणि मातीवर एक जिरं होतं.

मी कोणाला फोन केला नाही. नळाखाली कुंडी धरली आणि खालून पाणी बाहेर येईपर्यंत बोअरचं पाणी सोडलं.